आटत्या तळ्याची उन्हाळी फेरी: तयारीपासून वहीतल्या नोंदीपर्यंत

मार्च ते जूनचा पहिला आठवडा हा पठारावरच्या कुठल्याही गावतळ्यावर, पाझर तलावावर किंवा धरणाच्या फुगवट्यावर प्राणी-पक्षी पाहायला वर्षातला सगळ्यात सोपा काळ. ओढे कोरडे पडलेले असतात, डबकी सुकलेली असतात, गवत पिवळं होऊन आडवं झालेलं असतं. आसपासच्या जिवांना तहान लागली की यायला जागा एकच उरते. त्यामुळे लांबच्या अभयारण्यात जाऊन तासन्‌तास धूळ खाण्यापेक्षा घराजवळचं, रोजच्या ओळखीचं तळं नीट पाहिलं तर जास्त दिसतं.

पण याच दिवसांत आपल्या पावलाची किंमतही वाढते. थंडीत बदकांचा थवा उडाला तर फेरी मारून पुन्हा बसतो. मे महिन्यात अंड्यांवरून उठलेली टिटवी पंधरा मिनिटं परतली नाही, तर उन्हात तापून आतली पिल्लं मरू शकतात. तहानेनं काठाशी आलेला ससा माणूस पाहून मागे फिरला, तर त्याला पाण्यासाठी पुन्हा उघड्यावर यावं लागतं. पुढच्या बहुतेक सूचना या एकाच गोष्टीभोवती आहेत: पाणी आणि प्राणी यांच्या मध्ये उभं राहायचं नाही.

आदल्या संध्याकाळची पाहणी

फेरीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास तळ्यावर जाऊन या. दुर्बीण नसली तरी चालेल. या वेळी जागा पाहायच्या आहेत, पक्षी दुसऱ्या दिवशी. बहुतेक पाझर तलावांची ठेवण सारखी असते: एका टोकाला मातीचा भराव, त्याला आतून दगडांचं अस्तर (पिचिंग), बाजूला सांडवा आणि समोरच्या टोकाला नाल्याचं तोंड. भरावाकडे पाणी खोल, नाल्याकडे उथळ. पाणी आटतं तसं नाल्याकडचं टोक आधी उघडं पडतं आणि उन्हाळाभर सगळी वर्दळ तिथेच राहते.

पाच थांबे ठरवा: नाल्याकडचा चिखलाचा काठ, भरावावरून दिसणारं खोल पाणी, एखादा मातीचा उभा कड (नाल्याच्या कापात हमखास मिळतो), एखादं मोठं झाड (फळलेला उंबर किंवा वड असेल तर उत्तमच) आणि काठावरचं उघडं माळरान. सगळं मिळून दोन-अडीच किलोमीटरांची फेरी पुरे. तासाला एक किलोमीटर यापेक्षा वेगानं चाललात तर ती प्रभातफेरी होईल.

क्रम सूर्यावर ठरतो. सकाळी पूर्वेच्या काठावरून सुरुवात करा, म्हणजे ऊन पाठीशी राहतं आणि समोरच्या पक्ष्याचे रंग दिसतात. पश्चिम काठावरून सकाळी पाहिलं तर पाण्यावरच्या चकाकीत सगळेच काळे दिसतात, आणि पाणकावळा, वारकरी आणि टिबुकली यांची हमखास गल्लत होते. संध्याकाळी हाच क्रम उलटा.

दर फेरीला याच वेळी पाण्याच्या कडेला हातभर लांबीची एक काठी रोवून ठेवा. मे महिन्यात नुसत्या बाष्पीभवनानं पाणी दिवसाला सेंटिमीटरच्या आसपास उतरतं. ऐकायला थोडं वाटतं, पण काठाचा उतार पन्नास पावलांना एक पाऊल इतका सौम्य असेल तर एक सेंटिमीटर उतरलेलं पाणी अर्धा मीटर मागे सरकतं. म्हणजे आठवड्याला साडेतीन मीटर. गेल्या रविवारी जिथे बसून चांगलं दिसलं, तिथून या रविवारी काहीच दिसत नाही, ते यामुळे.

धनगर, गुराखी, भोई भेटले तर त्यांना विचारा. "कोल्हं कुठून पाण्यावर येतं?" या एका प्रश्नाचं उत्तर दहा फेऱ्यांचं काम वाचवतं. काठालगतची जमीन कुणाची आहे तेही तेव्हाच विचारून परवानगी घ्या. अभयारण्याच्या हद्दीत असाल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय पायी फिरता येत नाही.

सोबत काय घ्यायचं

दुर्बीण 8×42 ची असावी. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 10×42 मध्ये पक्षी थोडा मोठा दिसतो, पण हाताची थरथरही तितकीच वाढते आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो. नवख्याला उडता पक्षी सापडतच नाही, आणि दोष मात्र नजरेला दिला जातो.

दुर्बीण आपल्या डोळ्यांना एकदा जुळवून घ्यावी लागते. उजवं भिंग हातानं झाका, मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला लांबची एखादी फांदी स्पष्ट करा. मग डावं भिंग झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेवरची कडी फिरवून तीच फांदी स्पष्ट करा. कडीची ती खूण लक्षात ठेवा, पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर नेत्रिकेवरच्या रबरी कडा आत दाबून ठेवा. आणि पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. दुर्बीण लावून मग शोधायला गेलं की नुसतं पाणीच दिसत राहतं.

कपडे पूर्ण बाह्यांचे, सुती, मातकट किंवा मळकट हिरवे. पांढरा रंग उन्हाला बरा असला तरी काठावर दुरून चमकतो. घोटा झाकणारे बूट, टोपी, माणशी किमान दोन लिटर पाणी, ओआरएसची पुडी, वही, पेन्सिल, सहा इंची पट्टी. ओआरएस नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अत्तर किंवा उग्र वासाचं काहीही लावून जाऊ नका. कारण पुढे आग्या माश्यांच्या संदर्भात आलं आहे. कुत्रा सोबत नको, कितीही शहाणा असला तरी.

पहाट: पहिली वीस मिनिटं

मेच्या मध्याला सूर्य पुण्याकडे सहाच्या सुमारास, तर नागपूरकडे पाच पस्तीसच्या आसपास उगवतो. त्याआधी अर्धा तास पहिल्या थांब्यावर पोहोचा आणि वीस मिनिटं नुसते उभे राहा. काठापासून पंचवीस-तीस मीटर मागे, पाठीशी झुडूप घेऊन. झुडूप समोर घेतलं तर आपल्यालाच दिसत नाही. पाठीशी घेतलं तर माणसाची आकृती त्यात मिसळते आणि समोर मोकळं राहतं.

या वेळी कानांवर काम टाका. पावशाचा चढत जाणारा आवाज 'पेरते व्हा' असा ऐकू येतो तो एप्रिल-मेपासून. कोकीळ तर अंधार असतानाच सुरू झालेला असतो. गाणारा काळा नर, तर ठिपक्यांची मादी वेगळ्याच किंचाळीसारख्या आवाजात ओरडते. पावशा दिसला तरी तो पिसाऱ्यानं इतका शिक्र्यासारखा असतो की लहान पक्षीही फसतात. चोच पाहा: शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली, पावशाची साधी.

उजाडताना पाण्याकडे पाहिलंत तर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतील. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतात. रात्री सगळेच तो वापरतात, आणि पहाटे साठा सगळ्यात कमी उरतो. पाणी थोडं आणि कोमट असेल तर ही टंचाई तीव्र होते. बगळे, ढोकऱ्या, चित्रबलाक भल्या पहाटे उथळ टोकाला का गर्दी करतात त्याचं एक उत्तर इथे आहे. ऊन वर आलं की मासे खाली जातात आणि गर्दी पांगते. सात वाजता पोहोचलेला माणूस हे सगळं चुकवतो.

ढोकरी (कुठे वंचक म्हणतात, कुठे भुरा बगळा) एरवी चिखलात मिसळून जाते आणि उडाल्यावर पांढरे पंख दिसले की मगच कळते. उन्हाळ्यात मात्र विणीचा पिसारा येतो आणि पाठ गडद तांबूस-जांभळी होते. गायबगळ्याचं डोकं, मान आणि पाठ याच दिवसांत केशरी होतात. 'नवीनच पक्षी दिसला' अशा उन्हाळी बातम्यांपैकी बऱ्याच या दोघांच्या असतात.

ऊन तिरपं आहे तोवर ठसे

सूर्योदयापासून साधारण साडेसातपर्यंतचा वेळ ठशांसाठी राखून ठेवा. तिरप्या प्रकाशात ठशाच्या कडांची सावली पडते आणि बोटं, नखं वेगवेगळी दिसतात. डोक्यावर ऊन आलं की तोच ठसा सपाट डाग होतो. शिवाय आठ वाजता गुरं पाण्यावर येतात आणि रात्रीची सगळी हजेरी खुरांखाली पुसली जाते.

आधी चिखल पाहून पाय ठेवा. भेगा पडून कडा वर वळलेला चिखल वाळलेला असतो. गुळगुळीत, चकाकणारा किंवा वरून पापुद्रा धरलेला चिखल फसवा. आटत्या तळ्यात वरच्या दोन बोटं सुक्या थराखाली गुडघाभर गाळ असू शकतो. पाय रुतला तर जोरानं उपसू नका, दुसरा पाय आणखी खोल जातो. मागे बसा, वजन पसरवा, पाय हलवत सैल करून काढा.

ठसा वाचताना क्रम असा ठेवा: किती बोटं, नखं उमटली का, आकार गोल की लांबट, आणि मग माप. कुत्रा, कोल्हा, खोकड, लांडगा यांना चार बोटं, नखांच्या टोकांच्या खुणा आणि लांबट आकार. मांजरकुळात चार बोटं, आकार गोलसर, चालताना नखं आत ओढलेली असल्यानं खूण नाही, आणि मधल्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. 'बिबट्याचा ठसा' म्हणून फिरणाऱ्या फोटोंत नखांच्या खुणा दिसल्या की तो बहुधा मोठ्या कुत्र्याचा असतो. तरसाचा पुढचा पाय मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा. मुंगसाची पाच बोटं. सशाच्या उडीत मागचे लांबट पाय पुढच्या दोन छोट्या ठशांच्याही पुढे पडतात, म्हणून दिशा उलटी वाचली जाते. रानडुकराच्या दोन खुरांमागे वरच्या खुरट्यांचे दोन टिंब ओल्या मातीत उमटतात. शेळीमेंढीचे सहसा उमटत नाहीत.

माप घेताना पट्टी ठशाच्या तळाशी धरा. ओल्या मातीत कडा बाहेर ढकलल्या जातात आणि वरून मोजलं तर ठसा सेंटिमीटरभर फुगतो. फोटोत पट्टी शेजारी हवी आणि कॅमेरा अगदी वरून. तिरक्या फोटोवरून कुणीही खात्रीनं काही सांगू शकत नाही.

टिटवीचं ऐका

काठच्या माळावर चालताना सगळ्यात उपयोगी पक्षी टिटवी. ती दूर असताना अधूनमधून ओरडते, जवळ गेलं की सूर चढतो आणि डोक्यावर घिरट्या सुरू होतात. तुमच्या रोखानं सूर मारायला लागली, की अंडी किंवा पिल्लं अगदी जवळ आहेत. अशा वेळी आहे त्याच जागी थांबा आणि खाली पायांशी पाहा. घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, भोवती खडे. त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत करून मांडलेली. रंग मातीचा, त्यावर काळसर डाग. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. मग आलात त्याच पावलांवर पाय ठेवत मागे फिरा, पन्नास मीटर तरी. फोटोसाठी एक मिनिटही थांबू नका. कावळे माणसाकडे पाहत असतात आणि कुत्री माणसाच्या वासामागे येतात.

पुरेसं लांब गेल्यावर दुर्बिणीतून पाहिलंत तर उन्हाळ्यातली एक विलक्षण गोष्ट दिसते. ऊन तापलं की टिटवी अंड्यांवर चेपून बसत नाही. किंचित उभी राहून, चोच उघडी ठेवून ती सावली धरते. मग जोडीदार येतो, ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते, परत येते आणि ओल्या पोटानं अंडी गार करते. बसण्याआधी ती दोन-तीनदा पिसं फुलवते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं अंग झटकते आहे. ही येजा चालू असताना तुम्ही पाण्याच्या आणि घरट्याच्या मधल्या रेषेत उभे असाल, तर ती पाण्यावर जाणारच नाही.

शेकाट्यांचं आणि नदीसुरयांचंही हेच. शेकाट्या एप्रिलपासून उथळ पाण्याच्या कडेला घरटं करतो. नदीसुरय मार्च ते मे या काळात पाण्यातल्या उघड्या बेटांवर अंडी घालतात. पाणी उतरत गेलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्र्यांना वाट मिळते. बेट जोडलं गेल्याचं दिसलं तर तारीख लिहून ठेवा आणि तिकडे स्वतः जाऊ नका. आपल्या पायवाटेनंही कुत्री जातात.

मातीचा कड आणि वेडा राघू

नाल्याच्या उभ्या कडेत मूठभर आकाराची भोकं दिसतील. मार्च ते जून इथे वेडे राघू पिल्लं वाढवतात. खंड्याचं बीळही अशाच कडेत असतं. चोचीत चतुर घेऊन तारेवर बसलेला वेडा राघू बिळात जात नाही, नुसताच मान हलवत बसतो. याचं कारण तुम्ही आहात. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की निरीक्षकाला बीळ दिसेल अशी त्याची जागा असेल तर वेडा राघू बिळात जायला कचरतो. त्याच अंतरावर, पण बीळ दिसणार नाही असा आडोसा असेल तर तो बिनधास्त जातो. समोरच्याला काय दिसतं याचा अंदाज हा एवढासा पक्षी घेतो.

मग काय करायचं? बिळाचं तोंड आपल्याला दिसणार नाही, पण पक्षी बसतो ती तार किंवा काटकी दिसेल अशा जागी उभं राहायचं. तो काय पकडून आणतो, किती मिनिटांनी आणतो, माशीचा काटा फांदीवर घासून कसा काढतो, हे सगळं तिथून दिसतं. कडाच्या माथ्यावर मात्र चढू नका. बीळ आत मीटरभर आडवं जातं आणि माणसाच्या वजनानं सुकी माती ढासळते.

झाडाखालचा अर्धा तास

आठच्या सुमारास फळलेल्या उंबराखाली किंवा वडाखाली जाऊन बसा. खाली पडलेल्या फळांची साल, अर्धी खाल्लेली उंबरं, ताजी विष्ठा दिसली की वर पाहा. हरियाल, आपला राज्यपक्षी, पानांत इतका बेमालूम बसतो की तीस असले तरी पहिली दहा मिनिटं एकही सापडत नाही. फळ पडल्याचा आवाज येईल त्या फांदीवर नजर ठेवा. तांबटाचं 'टुक टुक' भर दुपारीही चालू असतं. त्याचं भोक वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला असतं. हळद्या आणि स्वर्गीय नर्तक सावलीत पाणी असेल तिथे अंघोळीला उतरतात. सांडव्याखाली झिरपणारं डबकं असेल तर ते आधी तपासा.

त्याच डबक्याच्या ओल्या मातीवर फुलपाखरं सोंड खुपसून बसलेली असतात. त्याला चिखलपान म्हणतात. मातीतले क्षार त्यांना हवे असतात आणि बसणारे बहुतेक नर असतात. सावली पडू न देता, गुडघ्यावर, हातभर अंतरापर्यंत सरकता येतं. चतुरांनाही इथेच वेळ द्या. पंख पसरून बसतो तो चतुर, मिटून बसते ती टाचणी. ऊन चढलं की चतुर शेपूट सरळ आभाळाकडे उभी करतो, जणू काडीवर उलटा टांगलेला. सूर्याकडे टोक केल्यानं अंगावर पडणारं ऊन कमी होतं.

पखुर्ड्यांची वेळ

ज्यांच्या तळ्याशेजारी उघडं, खुरट्या गवताचं माळरान आहे त्यांनी आठ ते साडेनऊ हा वेळ पखुर्ड्यांसाठी ठेवावा. दाणे खाणाऱ्या या पक्ष्यांना पाणी रोज लागतं आणि ते ठरावीक वेळी थव्यानं येतात. आधी आकाशातून दुपदरी, घोगरट हाका ऐकू येतात, मग थवा एक-दोन चकरा मारतो, काठापासून थोडा लांब उतरतो, थांबतो आणि मग पळत पाण्याशी येतो. पिणं काही सेकंदांचं काम. काही हललं तर सगळा थवा न पिता जातो. म्हणून त्यांच्या आधी अर्धा तास जागेवर बसा आणि त्या वेळी उठू नका, बोलू नका, टोपी बदलू नका. पिल्लं असली की नर पोटाची पिसं पाण्यात बुडवून भिजवतो आणि ते पाणी माळावर पिल्लांना नेऊन पाजतो. इतरांपेक्षा जास्त वेळ पाण्यात बसून हलणारा नर दिसला तर तो बहुधा याच कामात असतो.

साडेनऊनंतर परत फिरा. पक्षी चोच उघडी टाकून, गळा थरथरवत सावलीत बसलेले असतात. त्यांना हुसकावण्यात अर्थ नाही आणि आपल्यालाही ऊन बाधतं. डोकं दुखणं, मळमळ, घाम अचानक बंद होणं, बोलताना अडखळणं ही उष्माघाताची लक्षणं. सावली, ओलं कापड, वारा आणि ताबडतोब 108.

सरडे, साप, आग्या

माळावर सरडे मे-जूनमध्ये सगळ्यात रंगीत दिसतात. गळ्याला पंखा असलेल्या सरड्याचा नर दगडावर चढून निळा-काळा-केशरी पंखा फुलवतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा असा सरडा 2016 मध्ये नव्या प्रजातीचा म्हणून नोंदला गेला, आणि त्याच्या वंशाला (जीनसला) शास्त्रीय नावही 'सरडा' हेच मिळालं.

दगड उलटे करून पाहू नका. खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं. पाण्यात पोहणारा, खवल्यांवर चौकटी असलेला साप बहुधा दिवड असतो. तो बिनविषारी आहे, पण डिवचला तर चावतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर मिळणारी लस एकच असते, त्यामुळे साप पकडून दाखवायला नेण्याची गरज नसते. दंश झाला तर तो अवयव हलू देऊ नका, अंगठ्या-घड्याळ काढा, दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका, थेट सरकारी रुग्णालय गाठा.

उंच झाडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ असेल तर शंभर मीटर लांबून जा. धूर, उग्र वास किंवा मोहोळावर झडप घालणारा मधुबाज यांनी माश्या पिसाळतात. उठल्याच तर तोंड झाकून सरळ रेषेत पळा, गाडी किंवा घर गाठा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वरच घिरट्या घालत थांबतात.

बिबट्या किंवा अस्वलाचा वावर असलेल्या भागात एकट्यानं अंधारात काठाशी ओणवं बसू नये. मोहाच्या फुलांच्या दिवसांत अस्वलं पहाटे झाडाखाली असतात. तिथे पूर्ण उजाडल्याशिवाय झाडीत शिरूच नका. जखमी प्राणी दिसला तर हात न लावता वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. जाळ्यात अडकलेला पक्षी दिसला तर जाळं कापण्याआधी ते ज्याचं आहे त्या भोयाला हाक मारा. बहुतेक वेळा तोच सफाईनं सोडवतो.

आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत त्याला ती हद्दीत घुसलेल्या परक्याची हाक वाटते. तो घरटं सोडून भांडायला येतो. भर उन्हाळ्यात घरटं सोडण्याचा अर्थ वर आलाच आहे.

चार फेऱ्या, एक वही

एका फेरीत तळं कळत नाही. मार्चचा मध्य, एप्रिलचा मध्य, मेचा मध्य आणि जूनचा पहिला आठवडा अशा चार फेऱ्या त्याच वाटेनं, त्याच वेळेला करा. मार्चमध्ये थापट्या, चक्रवाक, धोबी असे पाहुणे अजून असतात, पळस-पांगाऱ्यावर भोरड्यांचे थवे असतात. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक उत्तरेला निघून जातात आणि बहावा फुलू लागतो. मे म्हणजे घरटी आणि पखुर्ड्या. जूनच्या तोंडावर चातक दाखल होतो, झाडीत नवरंगाची शीळ ऐकू येते, आणि सुगरणीचे नर पिवळेधमक होऊन पाण्यावरच्या फांद्या निवडू लागतात.

वहीत दर थांब्याला वेळ, ढग, वारा, पाण्याची काठीपासूनची पावलं आणि संख्या लिहा. मोठा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी नेमके मोजा, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरा आणि तेवढे तुकडे पुढे मोजत जा. 'खूप' हा आकडा वहीत येऊ देऊ नका. न दिसलेल्याचीही नोंद हवी: '14 एप्रिल, धोबी नाही' ही ओळ धोबी गेल्याची तारीख सांगते. नाव माहीत नसेल तर चोच, पाय, आकार मैनेहून लहान की मोठा, काय करत होता, हे लिहा आणि जागा मोकळी सोडा. ओळख पुस्तकातून किंवा ॲपवरून नंतर करता येते. घरट्याची नेमकी जागा कुठेही जाहीर टाकू नका. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जागा धूसर करण्याची सोय आहे, ती वापरा.

ज्यांना जमेल त्यांनी एखादी संध्याकाळही धरावी. पाच वाजता पश्चिम काठावर बसायचं, अंधार पडेपर्यंत. वाटेवर बसलेला रातवा, पाण्यावरून झेपावणारी वटवाघळं, पिंगळ्याची कलकल एवढं तरी मिळतंच. पौर्णिमा असेल तर टॉर्चही लागत नाही. महाराष्ट्रातल्या अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेला मचाणावरून पाणवठ्यांवरचे प्राणी मोजायची पद्धत पडली ती याच हिशेबानं: पाणी सगळ्यात कमी, प्रकाश सगळ्यात जास्त.

जूनच्या फेरीत सगळ्या काठ्या काढून घ्या. त्याआधी शेवटच्या काठीपासून काठावरच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंत, झाड किंवा पिचिंगचा कोपरा, अंतर मोजून वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. पहिल्या दमदार पावसात ती जागा पाण्याखाली जाईल, आणि पुढच्या वर्षी पाणी तिथपर्यंत उतरतं की त्याही खाली जातं, हे त्याच आकड्यावरून कळेल.